आधी बिघडा लागते

“बंद कर! बंद कर ते आधी! अरे, कुणीतरी बंद करा रे ते!”

कार्मिक साहेब कारखान्याच्या गेटात उभे राहून ओरडत होते. टाय उडून खांद्यावर गेलेला, एका हातात पाहुण्यांसाठी मागवलेला गुच्छ, दुसरा हात नाकावर. त्यांच्या मागे तीन पाहुणे रुमालात तोंड खुपसून खोकत होते. आणि समोरून, काळ्यानिळ्या धुराच्या ढगातून, आधी नुसता आवाज, मग एक पुढचं चाक आणि शेवटी लुनावर ताठ बसलेला आमचा प्रेसवाला बाहेर आला.

“बंद कर म्हणतो ना!”

“आताच नाई करता येत, साहेब!” लुनाच्या फटफटीवर आवाज चढवून तो ओरडला. “अजून पंधरा रोज चालवा लागते! मंग बंद करतो! कायमची!”

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. म्हणून धुराबद्दल फार बोलत नाही. गेटासमोरच्या कडुनिंबावर त्या सकाळी बगळे बसले होते आणि धूर निवळला तेव्हा तिथे कावळे होते, एवढंच सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

हे सगळं मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. टाइम ऑफिस म्हणजे गेटाला चिकटलेली एक खोली आणि तिला एक खिडकी. कोण किती वाजता आत आला हे त्या खिडकीतून पाहायचं, हीच माझी नोकरी. लोक आयुष्यभर मुलुखगिरी करतात, मी आयुष्यभर गेट पाहिलं. आणि सांगतो, त्या एका गेटात जेवढी माणसं बुडालेली पाहिली तेवढी वैनगंगेच्या पुरातसुद्धा पाहिली नाहीत.

कारखाना प्लायवूडचा. गावाचं नाव घेत नाही. वैनगंगेच्या एका काठाला होता, कोणत्या ते विचारू नका. आलापल्लीचा साग आमच्याकडे येत नसे. साग थेट मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यात जातो. आमच्याकडे सावर, सालई असली मऊ लाकडं यायची. ती उकळायची, पेन्सिलीला टोक करावं तशी सोलायची, निघालेल्या पातळ पापुद्र्यांना गोंद लावायचा, थर रचायचे आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचे. त्या गोंदाचा वास असा, की आमच्या कॅन्टीनमध्ये कांदा चिरला तर कांद्याच्याच डोळ्यांत पाणी येई. नवा माणूस पहिला आठवडा रडत काम करायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याला वाटायचं आपण सरावलो. सरावलेला नसायचा, फक्त डोळ्यातलं पाणी संपलेलं असायचं.

आणि बाहेर चंद्रपूरचा उन्हाळा. आत प्रेस तापलेला. माणूस मध्ये. दाराशी उभं राहिलं की कुठल्या बाजूने जास्त भाजतं यावर आमच्या लोकांच्या पैजा लागत.

प्रेसवाला त्या तापलेल्या यंत्रावर काम करायचा, पण रोज नव्हे. तो बदली कामगार होता. बदली म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. रोज सकाळी पाळीच्या आधी ही माणसं डबा हातात धरून गेटाबाहेर उभी राहायची. आत पर्मनंट लोकांपैकी कोण गैरहजर आहे ते कळलं की वॉचमन बाहेर यायचा, हे “आज हाये का?” विचारायचे आणि तो बोट दाखवायचा. “तू. तू. अन् तू.” ज्यांच्याकडे बोट गेलं ते आत. बाकीचे आपला भरलेला डबा घेऊन घरी. पोळ्या गरमच असायच्या.

प्रेसवाल्याने अशी दहाच्या वर वर्षं काढली होती. माझ्या खिडकीसमोर त्याचे केस पिकले. माणूस उंच, हाडकुळा, आणि वाद घालण्यात असा की दोन बाजूंपैकी तिसरी धरून जिंकायचा. त्याचं गाव जंगलातल्या रस्त्याने आत, तिथून तो सायकलवर यायचा. त्या सायकलीबद्दल मी तासभर बोलू शकतो. घंटी नव्हती, कारण घंटीचं काम चेनच करायची. ब्रेक नव्हते, चपला होत्या. सीटला त्याच्या बायकोने जुन्या लुगड्याच्या काठाचं कव्हर शिवलं होतं, आणि कॅरिअर लाकडाच्या मोळीने डावीकडे वाकलेलं. एकदा सकाळी वाटेत अस्वल आडवं आलं. अस्वलाने सायकलकडे पाहिलं, चेनचा आवाज ऐकला आणि बाजूला होऊन वाट दिली. हे त्यानेच मला सांगितलं. मी त्यात फक्त अस्वल थोडं मोठं केलं आहे.

त्याच्या गावात लोक त्याच्या बायकोला विचारायचे, “काऊन वं बाई, नवरा कामाले गेला का गेटाले गेला?” हे त्याने मला एकदाच सांगितलं, हसत सांगितलं, आणि मग बराच वेळ सायकलची चेन पुसत बसला. त्याला पर्मनंट व्हायचं होतं ते दुसऱ्या कशासाठी नाही. त्याला सकाळी गेटापाशी न थांबता सरळ आत जायचं होतं. वॉचमनकडे न पाहता. एवढीच माणसाची इच्छा. पण आमच्या कारखान्यात ती पुरी व्हायची तर जागा निघावी लागे, आणि जागा निघायला कोणीतरी निवृत्त व्हावं लागे नाहीतर मरावं लागे. आमचे लोक दोन्हींत कंजूस.

अशात नव्या शतकाच्या सुरुवातीला नवे कार्मिक साहेब आले. पुण्याचे. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं, हीच तर पंचाईत. साहेब मनापासून बोलत, सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत, आणि जंगलाबद्दल बोलायला लागले की जेवायची सुट्टी विसरत. कारखान्याला परदेशी माल पाठवायचा होता, त्यासाठी पर्यावरणाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांचं म्हणणं होतं की यंत्रं हिरवी करून भागत नाही, माणसंही हिरवी झाली पाहिजेत. साहेबांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि ‘हरित कर्मचारी योजना’ सांगितली. प्रत्येकाने आपल्या सवयी बदलायच्या. सवय बदलली की गुण. आणि साहेब म्हणाले, यापुढे बढती असो की पर्मनंट करणं असो, हे गुण धरले जातील. प्रेस विभागात वर्षाअखेर एक जागा भरायची आहे, तीसुद्धा.

शेवटचं वाक्य ऐकून मागच्या बाकावरचा प्रेसवाला उभाच राहिला.

साहेबांनी सवयी वाचून दाखवल्या. एसी रोज अर्धा तास बंद ठेवायचा. कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा. खोलीतून बाहेर पडताना दिवे घालवायचे. स्वतःचं वाहन सोडून सायकलने यायचं.

“साहेब,” प्रेसवाला म्हणाला, “आमच्या घरी अर्धा दिवस लाइटच नसते जी. त्याचे भेटतीन का गुण?”

लोक हसले. साहेबही हसले. “अहो, ती तुम्ही बंद नाही करत. ती जाते.”

“अन् एसी मी आयुष्यात लावलाच नाई.”

“मग बंद कसा कराल? योजनेचा आत्मा बदलात आहे. बदल! हा शब्द लक्षात ठेवा.”

आमच्या लोकांनी ठेवला. जेवताना भाजी तिखट लागली तरी म्हणायचे, “बदल हाये बाप्पा, खाय.”

मग एकेकाला बोलावून गुण देणं सुरू झालं. प्रेसवाल्याचा नंबर आला तेव्हा हजेरीचा मी म्हणून साहेबांनी मलाही बाजूला बसवलं होतं.

“कामावर कशाने येता?”

“सायकलनं जी.”

“उत्तम! आणि आधी कशाने यायचात?”

“सायकलनं.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी लहान होतो जी.”

साहेब पेन फिरवत राहिले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. “मग यात बदल काय झाला? तुम्ही होतात तिथेच आहात. वाहनाच्या खात्यात शून्यच द्यावं लागेल हो.”

त्याच आठवड्यात आमच्या लेखा अधिकाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले. लेखा अधिकाऱ्यांचा बंगला गेटापासून इतका जवळ होता, की त्यांच्या घरी कुकरची शिट्टी झाली तर आमची पाळी सुटल्यासारखी वाटे. तेवढ्याला ते मोटारीने येत. त्यांनी जाहीर केलं की आपण शनिवारी सायकलने येणार. पण सायकल कुठली? साहेबांचा माणूस गेटाबाहेर आला, बदलीवाल्यांच्या सायकली पाहिल्या, आणि त्यातल्या त्यात उंच म्हणून प्रेसवाल्याची नेली. लेखा अधिकारी तिच्यावर बसले तेव्हा सायकलने जो आवाज काढला तो मी अजून विसरलो नाही. मोळीच्या वजनाला तिने असा आवाज कधी काढला नव्हता. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या प्रेसवाल्याने वाजवल्या. त्याला वाटलं, आता तरी साहेब विचारतील, सायकल कोणाची? कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी पाळी नव्हती त्याची. बोट त्याच्याकडे गेलंच नव्हतं. तो माझ्या खिडकीखाली कठड्यावर बसला, डबा मांडीवर.

“भाऊ,” तो म्हणाला, “मले समजलं.”

“काय समजलं?”

“चांगल्या मानसाले इथी काही भेटत नाई. सुधरलेल्याले भेटते. म्हंजे आधी बिघडा लागते.”

मी हसलो. तो हसला नाही. त्याने आपली तिसरी बाजू धरली होती.

त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, आरमोरीला राहायचा. त्याच्याकडे धानाच्या कोंड्यात पुरून ठेवल्यासारखी एक लुना पडली होती. प्रेसवाला बसने गेला आणि येताना लुना ढकलत आणली. निम्मी वाट त्याने ढकलली, निम्मी वाट उतारानं. आता सायकल आणि लुना दोन्ही घरी नेणं एका माणसाला जमेना, आणि लेखा अधिकाऱ्यांना पुढच्या शनिवारीही सायकल लागेल असं त्याला वाटलं (लागली नाही, फोटो एकदाच निघाला), तेव्हा त्याने ती कारखान्याच्या सायकल स्टँडवर ठेवून दिली. म्हणाला, इथंच राहू दे, दोन-तीन महिन्यांची तर गोष्ट हाये.

दोन-तीन महिने यासाठी, की अधिकाऱ्यांचं सोडा, कामगारांसाठी योजनेचा नियमच तसा होता. आधी एक तिमाही तुमची सवय पाहणार, पुढच्या तिमाहीत ती बदलली का ते पाहणार. म्हणजे पूर्ण तिमाही लुनावर यायचं, साहेबांच्या डोळ्यांत भरायचं, आणि मग एके दिवशी सगळ्यांसमोर लुना सोडून सायकलवर बसायचं. पूर्ण गुण. मग ती जागा. मग वॉचमनकडे न पाहता सरळ आत.

पहिला आठवडा वाया गेला. लुना दुरुस्त होऊन आली होती, छान चालत होती, आणि साहेबांचं लक्षच गेलं नाही. तेव्हा प्रेसवाला तिला पुन्हा बाजारात घेऊन गेला. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आमच्या भागातली जी गाडी देवाने सोडली ती चाचा चालवून दाखवायचे. योगायोगाने मीही तिथेच पंक्चर काढत उभा होतो. योगायोगाने म्हणतो, तुम्ही मानून घ्या.

“अब क्या हुआ? चलती नहीं?”

“चालते चाचा. धूर नाई देत.”

चाचांनी पाना खाली ठेवला. “बेटा, लोग मेरे पास धुवां बंद कराने आते.”

“मले पायजे. दिसला पायजे. लांबून दिसला पायजे.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग चाचांनी पेट्रोलमध्ये ऑइलचं माप असं काही वाढवलं, की दुसऱ्या दिवसापासून ती लुना राहिली नाही. “ये गाडी है के अगरबत्ती?” म्हणत चाचा स्वतःच दुकानाबाहेर पळाले. प्रेसवाला जंगलातून निघाला की आमच्या इथे गेटावर आधी आभाळ भरून यायचं. एकदा तर एका म्हातारीने वाळवण उचलून घरात नेलं.

साहेबांच्या डोळ्यांत भरलं. त्यांनी त्याला एकदा थांबवून विचारलंदेखील. “हे काय? तुम्ही तर सायकलने येत होतात!”

“आता हिनं येतो जी.”

“हे बरं नाही.”

“नाई जी. लय वाईट हाये. लिहून घ्या.”

साहेबांनी घेतलं लिहून. प्रेसवाला त्या दिवशी इतका खूश होता, की बोट त्याच्याकडे न जाताच शीळ घालत घरी गेला.

पण घरी हाल होते. बायको बोलायची बंद झाली. लुनाला पेट्रोल लागतं, ऑइल तर चौपट लागत होतं, आणि बदलीचं काम आठवड्यातून कधी दोनदा, कधी एकदा. धुराने त्याला स्वतःला खोकला धरला. प्रेसपाशी गोंदाचा वास, वाटेत लुनाचा धूर. तो म्हणायचा, “भाऊ, मी चुलीतून निघून भट्टीत जाऊन राह्यलो, अन् भट्टीतून निघून चुलीत.” पण सोडायला तयार नव्हता. मीच एकदा म्हटलं, बाबा, सोड हा नाद. तर म्हणाला, “आता कसं सोडता? आता सोडलं तर मी नुसता बिघडलो. सुधरलो कुठी?”

तिमाहीचे शेवटचे पंधरा दिवस उरले होते आणि प्रमाणपत्राचे पाहुणे आले. ते अमुक सकाळी येणार हे आम्हा आतल्यांना माहीत होतं. गेटाबाहेर उभं राहणाऱ्यांना कोण सांगतो? गेट धुतलं होतं. गेटाच्या आत डाव्या हाताला एक नवा चौथरा बांधला होता, त्यावर काहीतरी कापडाने झाकून ठेवलेलं. पाहुण्यांच्या हस्ते उघडायचं होतं. पाहुणे मोटारीतून उतरले, साहेबांनी गुच्छ पुढे केला, आणि जंगलाच्या बाजूने आभाळ भरून आलं.

ते ओरडणं मी सुरुवातीलाच सांगितलं. शेवटी वॉचमनने धावत जाऊन लुनाची किल्ली काढली. शांतता झाली. म्हणजे खोकणं ऐकू येऊ लागलं.

पाहुण्यांपैकी एकाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. साहेबांनी लगेच इंग्रजीत उत्तर दिलं आणि त्यांना आत घेऊन गेले. प्रेसवाला लुनावरून उतरून माझ्या खिडकीपाशी आला.

“काय म्हनले, भाऊ, साहेब विंग्रजीत?”

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील. त्या वेळी एक सुचली असती तर बरं झालं असतं.

“म्हणाले, हा आमचा कर्मचारी नाही.”

तो थोडा वेळ लुनाचं हँडल पुसत राहिला. “खरं हाये,” तो म्हणाला. “आतापर्यंत तर नाईच हाये.”

दुपारी पाहुणे जेवायला गेल्यावर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही, साक्षीला. साहेबांचा राग गेला होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

“का असं केलंत तुम्ही? आज?”

प्रेसवाल्याने सगळं खरं सांगितलं. लपवलं असतं तर सुटला असता कदाचित. पण त्याला वाटत होतं त्याने योजना साहेबांपेक्षा नीट समजून घेतली आहे, आणि साहेब ते ऐकून खूश होतील. सायकलीचं शून्य, मग बिघडणं, मग पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर सुधारणं. बोटं मोजून सांगितलं. “बदल पायजे म्हनले न तुमी? मंग मी बदल तयार करून राह्यलो जी.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, अगदी हळू, “पण असं बघा, तुम्ही मुळात सायकलवरच येत होतात. लुना सोडून पुन्हा सायकलवर आलात तर तो बदल कसा? ते तर परत येणं झालं.”

प्रेसवाला पुन्हा बोटं मोजायला लागला. तिसरी बाजू धरून जिंकणारा माणूस. त्याला चौथी बाजू असते हे ठाऊक नव्हतं.

“उलट लुना हाच तुमच्या बाबतीत झालेला बदल आहे,” साहेब म्हणाले, “आणि तो वाईट आहे. मला तसंच धरावं लागेल. मनाला लावून घेऊ नका. यात तुमच्याविरुद्ध काही नाही.”

“अन् जागा?”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बदलीवाले बसले होते ते त्यांना दिसले की नाही, कोण जाणे.

जागा गोंद विभागातल्या एका बदलीवाल्याला मिळाली. त्याच्याकडे मोटरसायकल होती, तिचं इंजिन बसलं होतं, ती दुरुस्त करायला त्याला जमत नव्हतं म्हणून तो तिमाहीभर शेजाऱ्याच्या मागे सायकलवर बसून येत होता. पूर्ण गुण. शेजारी पायडल मारायचा, तो बदलीच राहिला.

पण मी पुढे गेलो. त्या दुपारी आम्ही केबिनमधून बाहेर पडलो, तेव्हा चौथऱ्यावरचं कापड काढून झालं होतं. प्रेसवाला चालता चालता थांबला.

चौथऱ्यावर एक सायकल उभी होती. हिरवीगार. चाकं, तारा, हँडल, सगळं एकाच हिरव्या रंगात बुडवलेलं. दोन्ही चाकं खाली लोखंडी पट्टीला वेल्डिंगने जखडलेली. हँडलला झेंडूचा हार. खाली पाटी: आमची पर्यावरणनिष्ठा. कॅरिअर डावीकडे वाकलेलं होतं. आणि सीटवर लुगड्याच्या काठाचं कव्हर होतं, त्यावरूनही कुंचला फिरवला होता, पण शिवण दिसत होती.

तो जवळ गेला आणि सीटवर हात ठेवला. हाताला रंग लागला. ओला होता अजून.

तो तसाच हात घेऊन परत केबिनमध्ये गेला. मी दारात थांबलो. “साहेब, ते सायकल माही हाये.”

साहेब गोंधळले. “ती? ती तर स्टँडवर कित्येक आठवडे बेवारस पडून होती. आणि तुम्ही लुनाने येता ना? तशी नोंद आहे. तुम्हीच लिहून घ्या म्हणालात.”

यावर काय बोलणार? मला विचाराल तर मला अजून सुचलेलं नाही, आणि मला तर काहीही सुचतं.

संध्याकाळी गेटाबाहेर बदलीवाल्यांना कळलं. आमच्या लोकांना कळल्यावर ते गप्प बसतील तर आभाळ फाटायचं. एकजण म्हणाला, “बाप्पा! तुह्या आधी तुही सायकल पर्मनंट झाली बे!” सगळे खदाखदा हसले. प्रेसवालाही हसला, हसता हसता खोकला, आणि खोकताना तोंडावर धरलेला हात हिरवा होता.

पेरणीच्या तोंडावर साळा आला आणि आपली लुना घेऊन गेला. कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं. साहेबांना बक्षीस मिळालं आणि पुण्याला बढती. जाताना ते माझ्या खिडकीशी आले, माझा हात हातात घेतला, म्हणाले, इथल्या माणसांनी मला खूप शिकवलं. डोळ्यांत पाणी होतं. मी गोंदाचं म्हणून सोडून दिलं.

चौथऱ्यावरच्या सायकलीला दरवर्षी जूनमध्ये नवा रंग आणि नवा हार. जंगलात झाड पडलं तर कोणी विचारत नाही, पण त्या सायकलीवर पक्ष्याने घाण केली तर माळी धावायचा. सकाळी तिची सावली गेटातून बाहेर पडायची आणि बदलीवाले त्या सावलीत बसायचे. प्रेसवालाही बसायचा. तो आता पायदळ, म्हणजे चालत यायचा, तांबडं फुटायच्या आधी निघून. वॉचमन बदलला, बोट तेच होतं.

काही वर्षांनी नव्या कार्मिक बाई आल्या. नागपूरच्या, तरुण, हुशार. हरित योजना चालूच होती, त्यात त्यांना वरून हुकूम होता, की कर्मचाऱ्यांना कामाबद्दल काय वाटतं ते विचारा. समाधानी माणूसच पर्यावरण जपतो, असं कुठेतरी ठरलं होतं. बाईंना कोणाला डावलायचं नव्हतं, म्हणून त्या सकाळीच गेटाबाहेर आल्या आणि सायकलीच्या सावलीत बसलेल्यांपासून सुरुवात केली. मी खिडकीतच होतो. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते.

“दादा, तुम्ही कामावर कशाने येता?”

“पायदळ जी.”

“आणि आधी?”

“सायकलनं.”

बाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे सायकलसुद्धा सोडलीत? अहो, केवढा मोठा बदल हा! यासाठी तर पूर्ण गुण!”

बाकीचे बदलीवाले हसायला लागणार होते, पण प्रेसवाल्याचं तोंड पाहून थांबले. तो उठून उभा राहिला होता. त्याला आनंदाने गहिवरून आलं असं बाईंना वाटलं असावं. पर्मनंट करायचं वय त्याचं केव्हाच उलटून गेलं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आतमध्ये पाळीचा भोंगा झाला आणि वॉचमन गेटाकडे यायला निघाला.

“आता मोकळेपणाने सांगा, दादा,” बाई म्हणाल्या. “कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

प्रेसवाल्याने त्यांच्या खांद्यावरून वॉचमनकडे पाहिलं.

“आज हाये का?”